घोड्याचा तक्ता आणि आपली शेळी

धारा काढून झाल्या असतील, चूल निवली असेल, तर दोन घटका टेका. आज आम्ही तुम्हांला चित्रांची गोष्ट सांगणार आहोत. ही भिंतीवर शोभेला लावायची चित्रं नव्हेत. जनावराच्या अंगात कुठं काय आहे, उपचार करणाऱ्यानं बोट कुठं टेकवावं, सुई कुठं टोचावी, हे शिकवणारी चित्रं आहेत.

गोष्टीला सुरुवात झाली आमच्या गटाच्या बैठकीत. पावसाळ्याच्या तोंडाला एक पशुवैद्यक बाई लसीकरणाला गावात आल्या होत्या. काम उरकल्यावर समाजमंदिरात बसून त्यांनी आम्हांला अ‍ॅक्युपंक्चरची माहिती दिली. अंगावरच्या ठरावीक जागी बारीक सुया टोचायच्या, थोडा वेळ तशाच ठेवायच्या आणि काढून घ्यायच्या, अशी ती चीनची जुनी उपचारपद्धत. माणसांवर करतात तशी जनावरांवरही करतात. बाई ती शिकत होत्या. त्यांनी पिशवीतून कागदाची गुंडाळी काढून जमिनीवर पसरली. कागदावर एक घोडा, बाजूनं उभा. नाकपुडीपासून शेपटीच्या टोकापर्यंत ठिपकेच ठिपके, आणि ठिपक्यांना नावं.

आम्ही सगळ्या वाकून बघू लागलो. तेवढ्यात आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "बाई, हे घोड्याचं झालं. आमच्यात घोडा येतो तो वरातीला. आमच्या शेळीचं चित्र कुठाय?"

सगळ्या हसल्या, बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "शेळीचे तक्ते आता निघालेत. पण पहिला मान घोड्याचाच. तो त्यालाच का मिळाला, ते शोधा. त्यात बरंच शिकण्यासारखं आहे."

आम्ही शोधलं. वाचलं, बाईंना फोन करकरून विचारलं, आणि जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं ठेवत आहोत.

चित्र नसतं तेव्हा

आधी एक विचार करू. चित्र नसेल तर विद्या कशी शिकतात? तोंडानं आणि हातानं. आपल्या गावात पूर्वी बैलाचा खांदा आला, पाय लचकला, की डाग देणारा म्हातारा बोलवायचे. विळा तापवून तो नेमक्या जागी टेकवायचा. जागा कुठली, हे त्याला त्याच्या बापानं दाखवलेलं. कागदावर काहीच नाही. अशा विद्येचं दुखणं दुहेरी असतं. चांगली असली तर माणसाबरोबर जाते. आणि चुकीची असली तर तपासता येत नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या तशीच चालत राहते. डागण्यानं जनावराला भाजतं, जखम चिघळते, म्हणून आज पशुवैद्यक ती पद्धत सोडायला सांगतात. पण कित्येक वर्षं "वडील करत आले" एवढंच कारण त्याला पुरलं.

आता चांगल्या विद्येचं उदाहरण घ्या. आमच्या वस्तीवर एक आजी होत्या. शेळी व्यायली आणि करडू श्वास घेईना, की त्यांना हाक जायची. त्या करडाच्या तोंडानाकातली चिकट घाण बोटानं काढायच्या, गोणपाटानं त्याचं अंग खसाखसा चोळायच्या आणि गवताची काडी हळूच नाकपुडीत फिरवायच्या. करडू शिंकायचं आणि श्वास घ्यायचं. आजी गेल्या त्या वर्षी दिवाळीच्या आधी. त्यानंतरच्या पहिल्या वेतात आम्ही तिघी-चौघी करडाभोवती बसलो होतो आणि आधी काय करायचं, चोळायचं की काडी घालायची, हे एकीलाही धड सांगता येईना. करडू गेलं. आजींना आम्ही वीस वर्षं बघत होतो. पण बघणं वेगळं आणि शिकणं वेगळं. त्यांच्या हाताचं चित्र आमच्यापैकी कुणी काढून ठेवलं नव्हतं.

म्हणून चिनी लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते ऐकताना आम्हांला ती गोष्ट फार परकी वाटली नाही.

रंगीत तक्ता आणि पितळेसारखा पुतळा

चीनमध्ये सुईची विद्या खूप जुनी. पण शिकवायची कशी? "कोपराच्या खाली दोन बोटं" असं लिहिलं तर कुणाची बोटं, कुठून मोजायची, इथं घोटाळा होतो. सातव्या शतकात सुन स्सुमियाओ नावाचे मोठे वैद्य होऊन गेले. त्यांनी माणसाच्या अंगाचे तक्ते कसे काढायचे ते लिहून ठेवलं आहे. एक चित्र समोरून, एक पाठीमागून, एक बाजूनं. अंगातून जाणाऱ्या बारा मुख्य वाटा त्यांच्या शास्त्रात मानल्या आहेत. त्या पाच रंगांत काढायच्या, आणि आणखी आठ वाटा हिरव्या रंगात. तक्त्यात रंग का वापरतात? एकात एक गुंतलेल्या रेघा डोळ्यांना सुट्या दिसाव्यात म्हणून. आपण आरोग्य केंद्रात बाळाच्या वाढीचा रंगीत तक्ता बघतो ना, तीच युक्ती, तेराशे वर्षांपूर्वीची. त्यांचे मूळ तक्ते आज उरले नाहीत, पण पद्धत उरली.

पुढं अकराव्या शतकात वांग वेइयी नावाच्या दरबारी वैद्यानं यापेक्षाही मोठं काम केलं. आधी त्यानं सगळे बिंदू तपासून त्यांचं पुस्तक केलं, आणि १०२७ साली माणसाच्या उंचीचे दोन पुतळे कांशाचे ओतून घेतले. पुतळ्यावर बिंदूंच्या जागी बारीक भोकं. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला बाहेरून मेणाचा लेप द्यायचे, म्हणजे भोकं झाकली जायची, आणि आत पाणी भरायचे. विद्यार्थ्यानं सुई टोचायची. जागा बरोबर असली तर सुई आत जाऊन पाणी यायचं. चुकली तर सुई धातूवर अडायची. परीक्षकाला बोलायचीसुद्धा गरज नाही. असं साधन आम्हांला फार आवडलं. जिवंत अंगावर चुका करण्याआधी चुका करायला दिलेली ती जागा होती.

घोड्याला मान का?

हे झालं माणसाचं. जनावरांचं काय? तिथं सगळ्यात आधी घोडा. चिनी लोक घोड्यांच्या वैद्यकाचा मूळ पुरुष म्हणून बो ले याचं नाव घेतात. तो ख्रिस्ताच्या सहाशे-सातशे वर्षं आधीचा, घोड्यांचा पारखी. पुढं लिहिलेल्या कितीतरी पुस्तकांना त्याचं नाव चिकटलं, जसं आपल्याकडं घोड्याचं सगळं शास्त्र शालिहोत्र मुनींच्या नावावर जमा झालं. घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणतात, तो शब्द त्याच नावातून आला.

तांग राजांच्या काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या सुरुवातीला, बादशाही पागेच्या खात्यात सहाशे पशुवैद्य होते, आणि शिकवायला चार अध्यापक व शंभर विद्यार्थी. एवढा पसारा कशाला? कारण घोडा म्हणजे फौज. घोडा आजारी पडला तर राज्याची सीमा उघडी पडते. त्याच तांग काळाशी जोडलेला 'सिमू आन्जी जी' हा घोड्यांच्या उपचाराचा ग्रंथ पुढं शतकानुशतकं शिकवायला वापरला. त्यात चांगल्या घोड्याची लक्षणं चित्रांतून दाखवलेली आहेत.

मग १६०८ साली एक पुस्तक आलं, तेच आमच्या बाईंच्या तक्त्याचं आजोळ म्हणायचं. यू बेनयुआन आणि यू बेनहेंग हे दोन भाऊ. दोघंही घोड्यांचे वैद्य. दोघांच्या नावांतलं शेवटचं अक्षर घेऊन पुस्तकाचं नाव झालं, 'युआन हेंग ल्याओ मा जी', म्हणजे युआन आणि हेंग यांचा घोडे बरे करण्याचा संग्रह. त्यात सुईचे बिंदू आहेत, औषधं आहेत. आणि एक भाग असा आहे की तो आम्ही दोनदा समजून घेतला. घोड्याच्या पोटात शूळ उठला की तो कसा लोळतो, कसा बसतो, कुठं वळून बघतो, याची छत्तीस चित्रं, आणि चित्रांबरोबर गाणी. वैद्याला पुस्तक पाठ नसलं तरी घोडा कसा पडला आहे ते बघून त्याला चित्र आठवावं, चित्रावरून गाणं आठवावं आणि गाण्यावरून उपाय.

बायांनो, हे तर आपल्या घरचंच. जात्यावर आपल्या आज्यांनी सगळं ज्ञान ओव्यांतच बांधून ठेवलं होतं. फरक एवढाच, की त्यांच्या ओवीशेजारी कुणी चित्र काढलं नाही.

त्या पुस्तकात बैलाचा आणि उंटाचाही भाग पुढं जोडलेला मिळतो. नांगराचा आणि ओझ्याचा प्राणी म्हणून त्यांनाही थोडी जागा मिळाली. पण पहिलं पान घोड्याचं.

आपल्याकडची पोथी

आपल्याकडं काय होतं, हेही बघायला हवं. आपल्याकडं दोन मानाचे प्राणी, घोडा आणि हत्ती. हत्तीच्या वैद्यकाचा सगळ्यात मोठा ग्रंथ म्हणजे पालकाप्य मुनींचा हस्त्यायुर्वेद. अंग देशाचा राजा रोमपाद याला मुनींनी हे शास्त्र सांगितलं, अशी त्याची कथा. हा संस्कृत ग्रंथ छापला गेला तो आपल्या पुण्यात, आनंदाश्रमातून, १८९४ साली. हत्तीच्या अंगावरच्या मर्माच्या जागा माहुतांना माहीत असाव्या लागतात. अंकुश कुठं लावला तर हत्ती बसतो, कुठं लावला तर चालतो, आणि कुठं लावला तर जीवच जाईल, हे त्यांना शिकावं लागतं. श्रीलंकेतले माहूत अशा जागांना 'निला' म्हणतात. ही काही चिनी सुईची विद्या नव्हे, दोन्ही एक आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण अंगावरची नेमकी जागा शिकण्याची गरज दोघांनाही होती.

चित्रांचं म्हणाल तर तंजावरला जावं लागेल. तिथं मराठ्यांचं राज्य होतं. दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ गादीवर होते, त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय फार वाढवलं. तिथं घोड्यांच्या आणि हत्तींच्या शास्त्राच्या सचित्र पोथ्या आहेत. घोड्यांच्या जुन्या शास्त्रात अंगावरच्या भोवऱ्यांना मोठी जागा आहे. कपाळावर भोवरा असला तर काय, मानेवर असला तर काय. तुम्हांला हे नवीन नाही. आजही बैलबाजारात माणूस आधी गोम बघतो, भोवरा बघतो, मग दात बघतो. म्हणजे आपल्याकडं अंगाचा तक्ता बऱ्याच अंशी विकत घेणाऱ्याचा तक्ता होता. जनावर घ्यावं की घेऊ नये, ते सांगणारा.

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या लक्षात आलं असेल. चित्र काढायला कागद लागतो, रंग लागतो, चितारी लागतो, आणि त्याला पगार देणारा लागतो. पगार द्यायचा राजा. राजाला घोडा हवा, हत्ती हवा. शेळी कुणाची? विधवेची, भूमिहीनाची, कडेवर पोर घेऊन बांधाबांधानं चारणाऱ्या बाईची. तिच्या जनावराला फौजेत काम नाही. म्हणून तिच्या जनावराच्या वाट्याला असा तक्ताही आला नाही.

माणसाचा नकाशा जनावराच्या अंगावर

इथून गोष्टीला वळण लागतं. विसाव्या शतकात ही विद्या युरोप-अमेरिकेत गेली. १९७४ साली अमेरिकेत पशुवैद्यकांची आंतरराष्ट्रीय अ‍ॅक्युपंक्चर संस्था निघाली आणि शिकवण्याचे वर्ग सुरू झाले. वर्गाला तक्ते हवेत. घोड्याच्या जुन्या बिंदूंची चित्रं होती. पण कुत्र्यामांजरांची जुनी परंपरा तशी नव्हती. मग एक सोपी वाट निघाली. माणसाचा नकाशा तयारच आहे, तोच जनावराच्या अंगावर उतरवायचा. माणसाच्या गुडघ्याखाली जो बिंदू, तो कुत्र्याच्याही गुडघ्याखाली. असे उतरवलेले बिंदू आज जगभर शिकवतात, घोड्यालाही आणि गाईलाही.

वाट सोपी खरी, पण तिच्यात खड्डे आहेत. चार खड्डे आम्ही मोजले.

पहिला नावाचा. 'बाय हुइ' नावाचा बिंदू माणसात डोक्याच्या टाळूवर असतो. घोड्याच्या आणि गाईच्या जुन्या चिनी तक्त्यात याच नावाचा बिंदू पाठीच्या कण्यावर, कंबर संपून पुठ्ठा सुरू होतो तिथल्या खड्ड्यात असतो. नाव एक, जागा अंगाच्या दोन टोकांना. नुसतं नाव पाठ करून टोचायला जाणारा कुठं पोचेल, विचार करा.

दुसरा पायाचा. माणसाच्या वाटा हातापायांच्या बोटांवर संपतात. बोटं पाच. पण घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. गाय आणि शेळी दोन बोटांवर. मग पाच बोटांच्या वाटा एका खुरावर कशा संपवायच्या? यावर शिकवणाऱ्यांची मतं एक होत नाहीत.

तिसरा पोटातला. माणसाच्या नकाशात एक वाट पित्ताशयाची आहे. तीच घोड्याच्या तक्त्यावरही काढतात. पण घोड्याला पित्ताशय नसतंच. तक्त्यावर रेघ आहे, आत अवयव नाही. गाईला आणि शेळीला तो असतो.

चौथा बरगड्यांचा. पाठीवरचे कितीतरी बिंदू "अमक्या बरगडीच्या मागं" असे सांगतात. माणसाला बरगड्यांच्या बारा जोड्या, शेळीला आणि गाईला तेरा, घोड्याला अठरा. एक बरगडी चुकली की पुढचे सगळे बिंदू चुकले.

आता कुणी म्हणेल, माणसाचा नकाशा तरी पक्का आहे का? तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं चीन, जपान आणि कोरियाचे तज्ज्ञ २००३ पासून २००६ पर्यंत बैठका घेत होते, माणसाच्या ३६१ बिंदूंच्या जागा एकसारख्या ठरवायला. शेकडो वर्षांच्या तक्त्यांतसुद्धा एवढे फरक साठले होते. जुने तक्ते लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून छापायचे. ठोकळा झिजला की छापील पानावरून नवा कोरायचा. नकलेची नक्कल होताना एक ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा जरी सरकला, तरी घोड्याच्या अंगावर तो वीतभर सरकतो.

याच्या उलट एक उदाहरण आम्हांला ऑस्ट्रियात सापडलं. तिथले पशुवैद्यक ओस्वाल्ड कोथबाउअर यांनी गाईचे बिंदू शोधताना नुसत्या पुस्तकावर भिस्त ठेवली नाही. गाईच्या आतल्या एखाद्या अवयवाला चुणचुण होईल असं औषध पोचवायचं, आणि मग तिच्या पाठीवर दाबून बघायचं, कातडीची कोणती जागा दुखरी झाली. गाय जिथं अंग चोरेल, तिथं खूण. त्या बिचाऱ्या गाईंना त्रास झाला असणार, हे मनात येतंच. पण चित्र काढण्याआधी त्यांनी गाईला विचारलं, हे खरं.

आणि ही विद्या गुण देते का, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. २००६ साली जनावरांवरच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या तोवरच्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की कोणत्याही एका आजारासाठी ही पद्धत घ्या म्हणायला किंवा सोडा म्हणायला भक्कम पुरावा नाही. वेदनेसारख्या काही बाबतींत आशा दिसते, पण आणखी चांगले प्रयोग हवेत. म्हणून तक्ता कितीही सुबक असला तरी तो पुरावा नसतो. ठिपक्याची जागा दाखवणं वेगळं आणि ठिपका गुणकारी आहे हे दाखवणं वेगळं.

आम्ही शेळी काढली

एवढं वाचून आम्ही ठरवलं, आपण आपल्या शेळीचं चित्र काढू. सुईसाठी नाही. सुई हे शिकलेल्या, नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाचंच काम, कायदाही तेच सांगतो. पाठीच्या त्या खड्ड्याच्या आत मज्जातंतू असतात, तिथं दाभण घेऊन बसण्यासारखा वेडेपणा नाही. आम्हांला चित्र हवं होतं ते आमच्या डोळ्यांना आणि हातांना शिकवायला, आणि डॉक्टरांना फोनवर नेमकं सांगता यावं म्हणून.

कागद महाग, म्हणून चार बारदानं उसवून शिवली आणि चुन्यात कालवलेली पांढरी माती लावून वाळवली. सकाळच्या कोवळ्या उन्हात शेळी बांधली, तिच्या पलीकडं बारदान ताणलं. सावली पडली तिच्यावर कोळशानं रेघ मारली. शेळी काही गप्प उभी राहीना. एकीनं शेवरीचा पाला धरला, दुसरीनं शिंगं. तीन दिवस लागले. मग सुन स्सुमियाओंची आठवण ठेवून तीन चित्रं केली: बाजूनं, समोरून आणि वरून. बेंदराचं उरलेलं हिंगूळ आणि गेरू कामी आलं. हाडं गेरूनं, पोट हिरव्यानं, काळजाची जागा लाल.

आणि मग आम्हीही त्याच खड्ड्यांत पडलो.

बरगड्या काढल्या बारा. काढणारी मुलगी शाळेत शिकलेली, तिच्या डोळ्यांपुढं विज्ञानाच्या पुस्तकातला माणसाचा सांगाडा. काकूंनी शेळीला हात लावून मोजायला घेतलं. मागून पुढं मोजत गेलं की आठ-नऊ लागतात, बाकीच्या फऱ्याखाली लपतात. शेवटी खाटिकदादांकडं जाऊन सोललेल्या धडावर मोजल्या. तेरा. त्या दिवशी आम्हांला कळलं, की माणसाचा नकाशा जनावरावर उतरवणाऱ्यांना हसायचं काही कारण नाही.

दुसरी चूक जास्त वाईट होती. आम्ही शेळीचं तोंड उजवीकडं काढलं आणि भकाळीवर लिहिलं, "पोट फुगलं तर आधी इथं बघा." बाई आल्या, चित्राकडं बघून गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ही शेळीची कुठली बाजू?" आम्ही एकमेकींकडं बघितलं. चित्रात शेळीचं तोंड उजवीकडं असलं तर आपल्याला तिची उजवी कूस दिसते. आणि मोठं पोट असतं डाव्या बाजूला. पोटफुगीत आधी फुगते ती डावी भकाळी. आमचं चित्र बघून एखादी नवी सून उजवीकडं चाचपत बसली असती आणि शेळी हातची गेली असती. बारदान धुतलं आणि शेळी पुन्हा काढली, तोंड डावीकडं करून.

दळण करता करता आमच्यातल्या एकीनं ओवीसुद्धा जोडली. तुम्हीही म्हणून बघा:

तेरा बरगड्या गं बाई, माझ्या शेळीच्या अंगाला
पुढं डावी गं भकाळी, हात लावावा पोटाला

त्याच सुमाराला बाईंनी आम्हांला आणखी एक तक्ता दाखवला. तळहाताएवढा, त्यावर पाच रंग, गडद लालपासून पांढरटपर्यंत. शेळी-मेंढीची पापणी खाली ओढून आतला रंग या रंगांशी जुळवायचा. पांढरट दिसला तर पोटातल्या रक्त पिणाऱ्या जंतांनी रक्त आटवलं आहे, असं समजायचं आणि औषधाची तयारी करायची. हा तक्ता दक्षिण आफ्रिकेत तयार झाला, 'फामाचा' असं त्याचं नाव. वापरायला आधी शिकून घ्यावा लागतो. त्यात राजाचा घोडा नाही, माणसाचा नकाशा नाही. शेळ्या-मेंढ्यांच्याच पापण्या बघून, त्या पाळणाऱ्यांसाठी केलेला आहे. काकूंनी तो हातात घेतला आणि किती वेळ खाली ठेवला नाही.

तुमच्या बैठकीसाठी

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. भाषण नको. एक शेळी आणा, एक बारदान आणा. आधी हातानं मोजा, मग काढा. चित्रावर 'डावी' आणि 'उजवी' मोठ्या अक्षरांत लिहा. ज्या बाईला लिहिता येत नाही, तिच्याकडून आधी तपासून घ्या, कारण तिचा हात शेळीला जास्त ओळखतो. काढलेलं चित्र पशुवैद्यकांना दाखवल्याशिवाय भिंतीला लावू नका. आणि तुमच्या वस्तीवर एखादी म्हातारी काही नेमकं करत असेल, तर ती करत असताना तिच्या हातांचं चित्र काढून घ्या. ते बरोबर की चूक, ते नंतर तपासता येईल. पण चित्रच नसेल तर तपासणार काय?

आमच्या बारदानाच्या चौथ्या तुकड्यावर आम्ही नुकतंच जन्मलेलं करडू काढलं आहे. आजींच्या सुनेला विचारून विचारून क्रम लावला, बाईंकडून तपासून घेतला. आधी तोंडनाक साफ, मग अंग चोळणं, मग नाकपुडीत काडी. काढताना बाईंनी एक गोष्ट सांगितली. घोड्याच्या त्या जुन्या तक्त्यात दोन नाकपुड्यांच्या मधोमध एक ठिपका आहे. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या पिल्लाला पशुवैद्यक तिथं सुई टोचून बघतात. आजींची काडी आणि चिनी वैद्याचा ठिपका, दोघांत बोटभराचं अंतर. दोन्ही एकच आहेत असं म्हणता येणार नाही. पण दोघंही करडाच्या नाकाशी वाकून बघत होते, एवढं मात्र खरं.

एकाचं चित्र चारशे वर्षं टिकलं. आजींचं आम्ही गेल्या महिन्यात काढलं. उशीर झाला, पण या वेताला ते भिंतीवर असेल.

तुमची चित्रं आम्हांला दाखवा. पुढच्या भेटीत पुन्हा बोलू. नमस्कार.